तीनशे अकरा पाय

त्या घरात साच्याला साचा म्हणत नसत, पाय म्हणत.

भिंतभर खिळे, आणि खिळ्याखिळ्याला सुतळीने टांगलेला एकेक लाकडी पाय. कुणाचा अंगठ्याशी गाठाळलेला, कुणाचा टाचेकडे कललेला, कुणाचा तळव्यात खोल. बाजारातले बूट ज्यांच्या पायांचं ऐकत नाहीत, अशा माणसांसाठी बाबा बूट शिवत आले होते. आधी पाय हातात घेऊन बघायचा, मग तसाच लाकडात कोरायचा, मग त्या लाकडावर कातडं ताणून शिवायचं. पायावर नाव नसे, खूण असे: ‘गाणारी’, ‘दारवान’, ‘उंच मास्तरीण’, ‘घाईवाला पोस्टमन’. एका माणसाची एक खूण, ती जन्मभर बदलायची नाही, हा बाबांचा नियम.

एकूण पाय तीनशे अकरा. आकडा विषम कसा, असं कुणी विचारलंच तर आई म्हणे, “दारवानाचा उजवा पाय ठणठणीत आहे. त्याला उगाच कशाला फाशी देऊ?”

आई म्हणजे सुनेची सासू. तिचा स्वतःचा डावा पाय उजव्याहून दोन बोटं आखूड. पण ती लंगडत चालते असं म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण तिचं तिनंच एक गाणं करून ठेवलं होतं आणि काम करता करता ती ते गुणगुणत असे:

*पाय माझा तोकडा, वाटेला मी सांगते,*
*थोडी वर ये गं बाई, मी खाली नाही वाकते.*

सून या घरात आली आणि तिनं हेच काम पडद्यावर नेलं. हातातला स्कॅनर पायाभोवती अलगद फिरवायचा, की पडद्यावर पाय उगवे, अगदी नखाच्या वळणासकट. त्यावरून ती बूट रेखाटायची आणि पलीकडच्या खोलीत तिचा नवरा यंत्रावर त्याचे तळवे कापायचा. दोघांचे कॉम्प्युटर वेगळे, भिंत एक. आणि त्या भिंतीवर हे सगळे पाय, तिच्या टेबलावर डोकावणारे.

सगळं नीट चाललं होतं, तोवर एका सकाळी तिचा कॉम्प्युटर उठलाच नाही. आतली डिस्क गेली आणि जाताना सहा माणसांचे पाय घेऊन गेली. सहाही जणांना पुन्हा बोलवावं लागलं. उंच मास्तरीण दोन काठ्यांवर तीन जिने चढून आली, खुर्चीत बसून दम घेतला आणि म्हणाली, “माझा पाय हरवलास होय गं? बरं झालं, फार दुखत होता.” सून हसली. मास्तरीण गेल्यावर स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून रडली, आणि तिनं कानाला खडा लावला.

त्याच सुमाराला भिंतीला ओल आली. लाकडात किडा शिरला. रोज सकाळी टेबलावर पिठासारखा बारीक भुगा पडलेला दिसे, आणि बाबा तो बोटानं गोळा करून तळहातावर घेऊन बघत बसत.

शेवटी नवऱ्यानं विषय काढला. नवरा कमी बोलायचा, पण बोलायचा तेव्हा खिळा ठोकल्यासारखं. “बाबा, हे लाकूड आता जाणार. आज नाहीतर दोन वर्षांनी. त्याआधी सगळे पाय स्कॅन करून ठेवू.”

बाबा त्या दिवशी भिंतीवरचे पाय पुसत बसले. दुसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवत सुनेला म्हणाले, “लाकूड मी देईन. पण ते पाय तू कुठे ठेवणार आहेस, ते मला आधी दाखव. मी बघेन, मग ठरवेन.”

म्हणून तिघं दुकानात गेली. सून, बाबा, आणि “मी नाही आले तर हे माणूस दुकानदाराला दमवून मारील” असं म्हणत आई.

काउंटरवरच्या विक्रेतीनं समोर दोन पेट्या ठेवल्या. पावाच्या लादीएवढ्या, काळ्या, पुढे बारीक दिवा.

“ही नेटवर्क ड्राइव्ह. एका कॉम्प्युटरला जोडायची नाही, तुमच्या राउटरला जोडायची. म्हणजे घरातले सगळे कॉम्प्युटर हिच्यात ठेवू शकतात, हिच्यातून घेऊ शकतात. ही एका डिस्कची, ही दोन डिस्कची.”

“दोन कशाला?” बाबांनी विचारलं.

“एकीवर जे लिहाल ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. एक गेली तरी दुसरी उभी.”

“नवराबायकोसारखं,” आई म्हणाली.

“आणि घराला आग लागली तर?”

“आली!” आईनं कपाळाला हात लावला. “मी म्हटलंच, अजून आग कशी नाही आली.”

बाबांच्या तरुणपणी, ते ज्या कारखान्यात शिकत होते तिथे, कातडं चिकटवायच्या सरसाचं भांडं शेगडीवर राहून आग लागली होती. माणसं वाचली, पाय जळाले. लाकडाचे, कोपऱ्यात रचलेले, दोन पिढ्यांचे. तेव्हापासून बाबा आगीला विसरले नाहीत आणि कुणाला विसरू देत नव्हते.

विक्रेती मात्र हसली नाही. “बरोबर विचारलंत, आजोबा. त्यासाठी क्लाउड बॅकअप. तुम्ही एक वेळ ठरवून द्यायची. रोज त्या वेळी ही पेटी दिवसभरातल्या नव्या फाइली आपोआप इंटरनेटवरून लांबच्या एका गोदामात पाठवते. कुलूप घालून. किल्ली तुमच्याकडे.”

सुनेनं मान डोलावली. तिच्या मनात दोन डिस्कवाली पेटी केव्हाच घरी पोचली होती. पण बाबांनी पेटीवर तळहात ठेवला होता, आणि बाबांनी एखाद्या वस्तूवर तळहात ठेवला की घरातलं कुणी घाई करत नसे.

“समजा,” ते म्हणाले, “आग नाही, चोरी नाही. माझ्याच हातून चूक झाली. पटाशी जरा जास्त लागली. बऱ्या पायाच्या जागी वाईट पाय ठेवला गेला. मग ही दुसरी डिस्क काय करेल?”

“तीही… तसंच लिहील.”

“आणि ते लांबचं गोदाम?”

“वेळ झाली की तिथेही नवंच जाईल.”

“म्हणजे एक चूक तीन ठिकाणी. याला जपणं म्हणत नाहीत, पोरी. याला री ओढणं म्हणतात.”

हे सुनेच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“माणसाचा पाय बदलतो,” बाबांनी स्वतःचा पाय थोडा पुढे केला, जसं काही तो पुरावा होता. “सुजतो, पसरतो, पडझड होते. मी दर वेळी नवं लाकूड घेत नाही. त्याच पायावर सरसानं कातड्याचा पातळ थर चढवतो. वरून आजचा पाय, खाली कालचा तसाच. माझं चुकलं तर थर सोलायचा, की जुना पाय हजर. अशी थर ठेवणारी पेटी आहे का तुझ्याकडे?”

विक्रेतीचा चेहरा असा उजळला, जणू शाळेत पहिल्यांदा कुणी तिला तिचं पाठ असलेलं विचारलं होतं. ती आत गेली आणि तिसरी पेटी घेऊन आली. “ही घ्या. दोन डिस्क, क्लाउड बॅकअप, सगळं तेच. पण त्याच नावानं पुन्हा सेव्ह केलं तर ही आधीची प्रत पुसत नाही, बाजूला ठेवते. अशा एका फाइलच्या बत्तीस जुन्या प्रती ठेवते.”

“बत्तीसच?” बाबांनी भुवया वर केल्या.

“पुरेत की,” आई म्हणाली. “तुमचे दात तरी कुठे तेवढे राहिलेत!”

तिसरी पेटी घरी आली.

सुनेनं ती पायांच्या भिंतीखालच्या फळीवर ठेवली, शेजारच्या राउटरला जोडली, दोघांना मिळून एकच बटण, आणि आधी स्वतःचाच पाय स्कॅन करून क्लाउडवर धाडून पाहिला. गेला. तिनं क्लाउडची वेळ पहाटे चारची लावली. तेव्हा घरात कुणाचं काम नसतं, इंटरनेट मोकळं असतं. काही बिघडलं तर कळवायला पेटीनं एक ईमेल पत्ता मागितला, तो तिनं नवऱ्याचा दिला. आता नवरा दोन प्रकारची पत्रं कधीच उघडत नसे, एक सल्ल्याची आणि दुसरी इशाऱ्याची. हे तिला ठाऊक होतं. पण नव्या पेटीपुढे माणसाला नवरासुद्धा नवा वाटतो.

आणि आणखी एक गोष्ट तिला ठाऊक होती, इतकी ठाऊक की ती तिला दिसेनाशी झाली होती. जेवणं उरकली की बाबांची फेरी सुरू होई. समोरच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत, एकेक बटण. खट. खट. खट. फ्रिज सोडून घरातली प्रत्येक वस्तू ते बंद करत, ते आगीला दिलेलं रोजचं उत्तर होतं. आणि पहाटे साडेपाचला उठून त्याच हातांनी सगळं पुन्हा चालू करत. अकरा वर्षं ऐकून ऐकून ती खटखट सुनेला आपल्या श्वासासारखी झाली होती. चालू आहे हे कळायला ती थांबायला हवी होती.

दिवसा तिनं कधीही पाहिलं, तर पेटीचा दिवा हिरवागार.

सहा आठवडे पाय उतरत राहिले. बाबा खिळ्यावरून काढत, फडक्यानं पुसत, खूण वाचत. सून स्कॅनर फिरवी. “गाणारी. ही बूट घालायची आणि पैंजण असल्यासारखी पावलं टाकायची.” “घाईवाला पोस्टमन. याचा बूट कधी झिजला नाही, दर वेळी फाटला.” झालेले पाय पोत्यात जात. पोती मागच्या बोळात उभी राहिली. लाकूड न्यायला गाडी शनिवारी येणार होती.

गुरुवारी भिंतीवर एकच पाय उरला. आईचा डावा.

बाकीच्यांचे सगळ्यात वरचे, आजचे पाय घेतले तरी चालण्यासारखं होतं. या एका पायाचं बाबांना तसं चालणार नव्हतं. यावर आठ थर होते, पन्नास वर्षांचे, आणि त्यांना ते सगळे हवे होते.

“सोलला की पुन्हा बसत नाही,” ते म्हणाले. “कातडं फाटतं. मग माझ्याकडे काही उरणार नाही. तुझ्याकडेच असेल.”

“माहितीये, बाबा.”

“तुझ्या भरवशावर.”

“हो.”

सुनेनं आधी आजचा पाय स्कॅन करून ठेवला. मग ओल्या फडक्याची वाफ देत बाबांनी सगळ्यात वरचा थर उचलला. सरसाचा जुना आंबूस वास खोलीभर झाला. आई स्टुलावर बसून गुणगुणत होती. मध्येच आपल्या पायाकडे आणि मध्येच त्या पायाकडे बघत होती. प्रत्येक थराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं साल लिहिलेलं, एखाददुसरा शब्द. ‘पायरीवरून पडली.’ ‘धाकटी झाल्यावर सूज.’ थर फाटत सुटे, खाली जरा तरुण पाय दिसे, सून स्कॅनर फिरवी, सेव्ह म्हणे. कॉम्प्युटर विचारी, ‘आई डावा’ या नावाची फाइल आहे, तिच्यावरच लिहू? ती हो म्हणे. एका माणसाची एक खूण. शिवाय तिचे डोळे पडद्यावर नव्हतेच, बाबांच्या हातांवर होते. आठ वेळा तिनं हो म्हटलं.

शेवटी उघडं लाकूड आलं. पिवळसर, गुळगुळीत, विशीतल्या पोरीचा पाय.

“झालं,” बाबा म्हणाले. “आता पहिल्यापासून दाखव.”

तिनं फोल्डर उघडला. फाइल एकच होती. उघडलं तर तेच उघडं लाकूड.

टेबलावर फाटलेल्या कातड्याचे तुकडे पडले होते, वाळल्या पानांसारखे आक्रसलेले.

“बाबा, माझ्याकडून… एकावर एक लिहिलं गेलं.” आणि मग घाईघाईनं, “थांबा, क्लाउड आहे. निदान तिकडे तरी…” हे बोलताना तिला कळत होतं की आज सकाळचं काम क्लाउडवर जायला उद्याची पहाट यावी लागेल. तरी तिनं ते पान उघडलं. बुडत्याला काडीचा आधार. पानावर एकच पाय होता. तिचा स्वतःचा, पहिल्या दिवशीचा. खाली बेचाळीस ओळी, सगळ्या सारख्या: पहाटे चार, ड्राइव्ह बंद होती.

“बंद कशी?” ती पुटपुटली. “मी तर रोज बघते, दिवा…”

दाराशी येऊन उभा राहिलेला नवरा वडिलांकडे बघत होता. बाबा स्वतःच्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत होते.

“चारला?” ते म्हणाले. “तू मला चारचं सांगितलं नाहीस, पोरी.”

“नाही सांगितलं, बाबा.”

“मी बंद करतो.”

“हो.”

“म्हणजे ते तीनशे दहाही तिकडे गेलेले नाहीत.”

“नाही. या पेटीत आहेत. फक्त इथेच.”

बाबा स्टुलावर बसायला वळले, तिथे आई होती, म्हणून नुसते उभेच राहिले. त्यांच्या हातात शेवटच्या थराचा एक तुकडा होता. सुनेला वाटलं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“उतरलं का भूत सगळ्यांचं?” आई म्हणाली. “मग जरा माझं ऐका. दुकानात हे माणूस अर्धा तास त्या मुलीचं डोकं खात होतं, चूक झाली तर काय, चूक झाली तर काय. झाली आता चूक. कुठे आहेत ते बत्तीस दात?”

सुनेनं पेटीतला फोल्डर पुन्हा उघडला. ‘आई डावा’वर बोट ठेवलं. जुन्या प्रती.

आठ ओळी. प्रत्येकीपुढे वेळ: दहा वाजून पाच, दहा वाजून बावीस, दहा पन्नास…

तिनं पडदा बाबांकडे वळवला. बाबांनी ओळी मोजल्या, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग त्या काळ्या पेटीवर तळहात ठेवला, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

मग सगळ्यांनी मिळून आईचा पाय पाहिला. आजचा, रुंद, बोटं एकमेकांवर चढलेली. मग पायरीवरून पडलेला. (“पायरी तुम्हीच मेण लावून घासली होती.” “अगं, चमकावी म्हणून!” “चमकली. मीही चमकले.”) मग धाकटीच्या वेळचा, मग या दाराशी उभ्या असलेल्या थोरल्याच्या वेळचा. पाय तरुण होत गेला, कमान उचलत गेली.

शेवटच्या दोघांशी येऊन सून थांबली. पहिला थर आणि उघडं लाकूड. तिनं दोन्ही शेजारी शेजारी लावले. “हे दोन सारखेच दिसतात, बाबा. फरक असलाच तर केसाएवढा.”

बाबांनी हातातला तुकडा उलटा करून दाखवला. पेन्सिलीची अक्षरं फिकट झाली होती, पण होती: ‘चावतो म्हणते.’

“पहिला बूट घेऊन गेली आणि चौथ्या दिवशी परत. म्हणे चावतो. पुन्हा मापं घेतली, काही सापडेना. आठवड्यानं परत, चावतो. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हटलं, सगळीकडून जरासं सैल करून बघू. तो हा थर.”

आई पदराच्या टोकाशी चाळा करत होती. पन्नास वर्षांत ती पहिल्यांदाच गप्प बसली होती, म्हणून सगळे तिच्याकडे बघू लागले.

“चावत नव्हता,” ती म्हणाली.

“काय?”

“बूट. चावत नव्हता. चांगला बसत होता. पण बसला म्हटल्यावर पुन्हा यायला कारण काय सांगणार होते मी?”

नवरा खोकल्याचं निमित्त करून आपल्या यंत्राकडे गेला. सून पडद्याकडे बघू लागली, जिथे दोन पाय होते, एक खरा आणि एक खोटा, आणि दोघांत केसाएवढं अंतर.

“तीन वेळा मापं घेतली गं मी!” बाबा म्हणाले. “मला वाटलं, मला काम येत नाही. रात्र रात्र झोप नव्हती.”

“मलाही कुठे होती!”

बाबांनी तुकडा पुन्हा सुलटा केला. “मग हा थर… खोटाच म्हणायचा. ठेवायचा की काढून टाकायचा?”

“ही पेटी थर टाकत नाही, बाबा,” सून म्हणाली. “तुम्हीच तशी निवडलीत.”

तरी तिनं नऊच्या नऊ प्रतींना वेगवेगळी नावं दिली, त्यांच्यापुढे साल घातलं, आणि इशाऱ्याचा पत्ता बदलून आपला दिला. खोट्या थराचं नाव काय ठेवायचं ते विचारायला नको होतं. तिनं पेन्सिलीतलंच उतरवून घेतलं.

त्या दिवशी जेवणं उरकली आणि फेरी सुरू झाली. खट, समोरची खोली. खट, शिवणयंत्र. खट, नवऱ्याचं यंत्र. सून ताटं पुसता पुसता थांबली; अकरा वर्षांनी ती कान देऊन ऐकत होती. पावलं तिच्या टेबलाशी आली. थांबली. फार वेळ थांबली. मग स्वयंपाकघराकडे वळली, आणि एक खट कमी पडला.

पहाटे ती उठून गेली तेव्हा बाबा टेबलाशी बसलेले होते. दिवा हिरवा होता. बटणावर कागदाची पट्टी चिकटवलेली, सरसानं, आणि पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘हे चालू राहील.’

“गेले का बघ,” ते म्हणाले.

तिनं पाहिलं. “गेले, बाबा. सगळे. तीनशे अकराही.”

शनिवारी गाडी आली. पोती बाबांनी स्वतः बांधली, स्वतः मोजून दिली. गाडीवाल्यानं विचारलं, एक कमी आहे का? आतून आईचा आवाज आला, “तो दाराला लावलाय. दार आपटतं फार!”

तो आजही तिथेच आहे, सुनेच्या खोलीचं दार उघडं धरून. दार उघडं राहिलं की बाबांना त्यांच्या पलंगावरून पेटीचा दिवा दिसतो.